भंडाऱ्याचं कबरस्तान, ईस्टरच्या आदल्या सकाळी

सकाळचे साडेसहा वाजलेत आणि भंडाऱ्याच्या ख्रिस्ती कबरस्तानात टणटणीच्या जाळीवर विळे चाललेत. उद्या पुनरुत्थानाचा रविवार. पहाटे अंधारातच मंडळी मेणबत्त्या घेऊन इथं येणार, गाणी होणार, प्रार्थना होणार. तेव्हा कुणाचा पाय काट्यात पडू नये, म्हातारं माणूस खड्ड्यात अडखळू नये, म्हणून आजची ही साफसफाई. काल उत्तम शुक्रवारची बारा ते तीनची उपासना झाली, वधस्तंभावरच्या सात वचनांवर सात जण बोलले. त्यातलेच दोघे आज लुंगी-बनियनवर कुदळ घेऊन उभे आहेत. एप्रिल महिन्यात इथलं ऊन आठ वाजताच अंगावर येतं आणि दहाला माणसाला घरात कोंडतं, त्यामुळे सगळ्यांचे हात भराभर चाललेत.

कुंपणाला लागून मोहाचं एक जुनं झाड आहे. रात्रभर फुलं पडलीत. शेजारच्या वस्तीतली एक बाई टोपली घेऊन कबरींच्या मधून वाकून मोह वेचते आहे. ती ख्रिस्ती नाही. तिला कुणी हटकतही नाही. फुलं नीट दिसावीत म्हणून ती एका कबरीवरचा पाला हातानं बाजूला सारते आणि तेवढी कबर आपोआप साफ होते.

फाटकातून आत आलं की पहिल्या रांगा साहेबांच्या. विटा आणि चुन्याची चौथरेवजा बांधणी, वर दगडी पाटी, काही पाट्यांवर शिशाची अक्षरं बसवलेली. बरीचशी अक्षरं कुणीतरी कोरून काढून नेलेली. लोखंडी कठडे होते तिथं आता फक्त भोकं. त्यांच्या मागं सिमेंटच्या, मग बाथरूमच्या टाइल्स लावलेल्या, मग अगदी अलीकडच्या काळ्या ग्रॅनाइटच्या. ग्रॅनाइटवर मयताचा फोटो कोरलेला. त्या पलीकडे मातीचे उंचवटे, त्यांवर लाकडी नाहीतर लोखंडी पट्टीचा क्रूस. आणि अगदी शेवटी सपाट जमीन, जिथं काहीच दिसत नाही, पण पोरांनी तिथं पाय ठेवला की मागून आवाज येतो, "तिकडं नोको जाऊ बाबू, तिथं मान्सं हायेत."

आवाज सिस्टरबाईंचा. मिशनच्या दवाखान्यात त्या जन्मभर नर्स होत्या. आता ऐंशी ओलांडलेल्या, कडुलिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सगळ्या मोहिमेचं सेनापतीपण करताहेत. पाळकसाहेबसुद्धा त्यांना विचारूनच पुढची रांग घेतात.

सगळ्या कबरी पूर्व-पश्चिम आहेत. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. शेवटच्या दिवशी प्रभू पूर्वेकडून येणार आणि उठणारा माणूस त्याच्याकडे तोंड करून उठणार, अशी त्यामागची जुनी समजूत. युवक संघातल्या एका मुलाला मी हे विचारतो. त्याला कारण ठाऊक नाही, पण कबर तिरपी खणली तर सिस्टरबाई ओरडतात हे ठाऊक आहे.

चुना कालवण्याचं काम एका मध्यमवयीन गृहस्थांकडे आहे. अर्धा ड्रम चुना, मूठभर नीळ, थोडा डिंक, म्हणजे हाताला लागत नाही. ते कबर बांधण्याचंही काम करतात, तेव्हा मी त्यांच्याजवळ टेकतो. माणूस पुरला की लगेच पक्कं बांधकाम करायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. एक पावसाळा जाऊ द्यायचा. खणलेली माती पाण्यानं बसते, आतली पेटी कुजली की अजून खचते. घाई केली तर वर्षभरात चौथरा मधून तडकतो. "लोक आयकत नाई जी. पयल्या वर्शश्राद्धाच्या आत टाइल्स पायजे म्हंतेत," असं ते म्हणतात आणि हसतात. ख्रिस्ती माणसाच्या तोंडी वर्षश्राद्ध हा शब्द इथं कुणाच्याच कानाला खटकत नाही.

चर्च कोणत्या मिशनचं, असं इथं विचारलं तर उत्तर वयाप्रमाणे बदलतं. पोरं म्हणतात सीएनआय. त्यांचे आईवडील म्हणतात स्कॉच मिशन. दोन्ही बरोबर. स्कॉटलंडमधल्या फ्री चर्चचा स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपूर-कामठीला पोचला, तेव्हा नागपुरावर भोसल्यांचं राज्य होतं. पुढच्याच वर्षी त्यानं शाळा काढली. उरलेल्या वेळात तो दगड, जीवाश्म आणि गोंडांच्या गाण्यांमागं हिंडला. हिस्लॉपाइट हे खनिज त्याच्याच नावाचं. ४ सप्टेंबर १८६३ ला तो इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर टाकळघाटची शिळावर्तुळं, म्हणजे लोहयुगातल्या माणसांची दफनं पाहायला गेला आणि परतताना बोरीजवळ पूर आलेल्या नाल्यात घोड्यासकट सापडून बुडाला. आदिवासींविषयीची त्याची टिपणं टेंपल यांनीच १८६६ मध्ये छापून आणली.

भंडाऱ्याला मिशनचं ठाणं पडलं ते त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी, १८८२ साली. त्याच सुमारास नागपूर-छत्तीसगड रेल्वे जिल्ह्यातून राजनांदगावकडे सरकत होती. त्या रुळांचं मराठी ख्रिस्ती साहित्यावर मोठं ऋण आहे आणि ते फारसं कुणी मोजत नाही. नारायण वामन टिळकांना राजनांदगावकडे जाताना गाडीच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशानं नव्या कराराची प्रत दिली, ती याच मार्गावर. १८९५ मध्ये मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला. उद्या पहाटे या कबरींमध्ये जी भजनं म्हटली जाणार त्यांतली निम्मी तरी टिळकांचीच असतील. महिला मंडळातल्या एक जणी खराटा मारता मारता त्यांतलंच एक गुणगुणताहेत.

मग पाट्या बदलत गेल्या. फ्री चर्चचं १९०० साली युनायटेड फ्री चर्च झालं. १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून उत्तर हिंदुस्थानची युनायटेड चर्च उभी राहिली. तिकडं स्कॉटलंडमध्ये १९२९ ला युनायटेड फ्री चर्च पुन्हा चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये मिसळलं. आणि २९ नोव्हेंबर १९७० ला, इथून साठेक किलोमीटरवरच्या नागपुरात, सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजेच सीएनआय, झाली. मी हे सगळं पाळकसाहेबांना पाठ म्हणून दाखवतो. ते घाम पुसत म्हणतात, "पाट्या तिकडं बदलल्या. पुरायला मंडळी इथंच येत राहिली."

त्या सहा मंडळ्यांत एक बॅप्टिस्टांची होती. हे मला महत्त्वाचं वाटतं ते दगडी पाटी धूत बसलेल्या एका निवृत्त गृहस्थांमुळे. नोकरीनिमित्त ते भंडाऱ्याला आले आणि इथंच राहिले. घराणं मूळचं आंध्रातलं, ओंगोलकडचं, पिढीजात बॅप्टिस्ट. इथं बॅप्टिस्ट देऊळ नाही, म्हणून ते या मंडळीत. मराठी वाचता येतं, प्रार्थना मात्र तेलुगूत करतात, तीही मोठ्यानं.

"आमच्यात लहान लेकराच्या डोक्यावर पाणी शिंपडत नाहीत," ते सांगतात. "समज आली, स्वतः कबूल केलं, मग पाण्यात पूर्ण बुडवायचं. नदी असली तर नदी, नाहीतर टाकी." त्यांच्या बोलण्यात गुंडलकम्मा नदी येतेच. ३ जुलै १८७८ रोजी त्या नदीत एका दिवसात २,२२२ माणसांना बुडवून बाप्तिस्मा दिला गेला. सहा देशी पाळक, दोघांची जोडी पाण्यात, ती थकली की दुसरी. जॉन क्लाउ या अमेरिकन मिशनऱ्याचा हा भाग. त्याआधी दुष्काळ होता आणि क्लाउनं बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईचा मक्ता घेऊन हजारो लोकांना काम दिलं होतं. काम चालू होतं तोवर त्यानं एकाचाही बाप्तिस्मा केला नाही. पोटासाठी आले असं कुणी म्हणू नये, म्हणून.

भंडारा हा भाताचा जिल्हा आणि "तांदळासाठी ख्रिस्ती झाले" हा टोमणा इथल्या जुन्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत मध्य प्रांत होरपळला आणि ठिकठिकाणच्या मिशनांनी पोरकी मुलं सांभाळली. त्या मुलांची नातवंडं-पतवंडं आज निवृत्त शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, बँकेत आहेत. टोमणा मारणाऱ्यांनी त्या वेळी त्या मुलांना काय दिलं, हे विचारायला आता दोन्हीकडचं कुणी उरलेलं नाही. आणि मोठ्या संख्येनं लोक इकडं आलेही नाहीत. बाबासाहेब आंबेडकर १९५४ ची पोटनिवडणूक याच भंडाऱ्यातून लढले आणि हरले. दोनच वर्षांनी नागपूरला दीक्षाभूमीवर जे घडलं त्यानं या भागातल्या दलितांची वाट बुद्धाकडे वळली. चर्चची मंडळी मूठभर होती, मूठभरच राहिली.

ओंगोलच्या काकांना मी विचारतो, बाप्तिस्म्यावरून इथं कधी खटका उडाला का? ते पाटीवर गडव्यानं पाणी ओततात. पितळी गडवा, भंडाऱ्याच्याच कासाराचा. "सीएनआयमध्ये दोन्ही चालतं. ज्याला लेकराचा करायचा तो लेकराचा करतो, ज्याला मोठेपणी करायचा तो थांबतो. माझ्या पोरी थांबल्या." १९७० च्या एकीकरणाच्या वेळी याच मुद्द्यावर वर्षानुवर्षं वाटाघाटी झाल्या होत्या. शेवटी दोन्ही रीती मान्य झाल्या. इथं हा धर्मशास्त्रीय तह हाताला लागतो. शिंपडलेले आणि बुडवलेले एकाच रांगेत आहेत आणि चुना एकाच ड्रममधला.

मराठीचंही बॅप्टिस्टांशी जुनं नातं आहे, हे मी त्यांना सांगतो आणि ते खूश होतात. विल्यम कॅरी बॅप्टिस्ट होता. बंगालमधल्या श्रीरामपुरात बसून त्यानं १८०५ ला मराठीचं व्याकरण आणि मत्तयाचं शुभवर्तमान छापलं, १८१० ला कोश काढला. तो मुंबईला किंवा पुण्याला कधी राहिला नाही. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवताना त्याच्या हाताशी पंडित होता वैजनाथ, तोही नागपूरकडचा. आजचं मराठी पवित्र शास्त्र कॅरीचं नव्हे, ते पुढं मुंबईत नव्यानं घडलं. पण सुरुवातीच्या त्या छापील मराठीत पूर्व विदर्भाचा हात आहे, हे पुण्या-मुंबईकडे क्वचितच कुणी बोलतं.

पाणी ओतलेल्या पाटीवर आता अक्षरं वर येताहेत. कोरड्या दगडावर काहीच दिसत नव्हतं. सकाळचं तिरपं ऊन आणि ओला दगड, दोन्ही जुळलं की खोलगट भाग काळा दिसतो. खडू घासायचा नाही, आम्ल तर अजिबात नाही. त्यानं आज वाचता येतं आणि पुढच्या पिढीला वाचता येत नाही. एक मुलगी मोबाईलचा टॉर्च आडवा धरते. एका तान्ह्या मुलाचं नाव. वय महिन्यांत दिलेलं. खाली आईबापांची नावं आणि इंग्रजी वचनाचा संदर्भ, फक्त अध्याय आणि ओवी. मुलगी वचन मोबाईलवर शोधून मोठ्यानं मराठीत वाचते आणि क्षणभर कुदळी थांबतात. मग सिस्टरबाई म्हणतात, "चाला चाला, ऊन आलं," आणि काम पुन्हा सुरू होतं.

आठ वाजत आलेत. सिस्टरबाई खुर्चीवरून उठतात, माझ्या दंडाला धरतात आणि मागच्या सपाट जमिनीकडे चालू लागतात. तिथं टणटणीही कमी आहे. त्या काठी टेकवत सांगत जातात. "हे कंपाउंडर. हे दवाखान्याची बैलगाडी हाकत होते. ही आमची मेट्रन, मले लय मारे, पन सुई टोचाले तिनंच शिकवलं. हे दोघं मियाबिबी, आठ दिसात गेले." एका जागी थांबतात. "हिचं नाव मले ठाव हाय. आडनाव तिलेच ठाव नोतं. दुष्काळात आली होती लहान असतानी. मी परकर नेसत होती तवा वारली."

तिथं दगड नाही, क्रूस नाही. एक उलटं कौल मातीत अर्धं रोवलेलं आहे, खूण म्हणून. ते कुणी रोवलं, असं मी विचारत नाही, कारण त्या वाकून तेच कौल सरळ करताहेत.

साफसफाई संपते. देवळाच्या आवारात तर्री-पोहे. पोरं हात धुऊन रांगेला लागतात. पाळकसाहेब मला आत ऑफिसात नेतात आणि लोखंडी कपाटातून दफनाचं जुनं रजिस्टर काढून टेबलावर ठेवतात. कापडी पुठ्ठा, कणा सुटलेला, वाळवीनं खालच्या कोपऱ्यातून वर खात आणलेलं. पानावर आडवे रकाने छापलेले: मृत्यूची तारीख, दफनाची तारीख, नाव, वय, धंदा, मरणाचं कारण, विधी करणाऱ्याची सही. अक्षर दर काही वर्षांनी बदलतं. आधी तिरपं इंग्रजी, मग इंग्रजीतच पण देशी वळणाचं, मग मराठी. कारणाच्या रकान्यात ताप, पटकी, बाळंतपण. मी १९१८ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर शोधतो. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा इन्फ्लुएंझाच्या त्या साथीत देशात सर्वांत जास्त मार खाल्लेल्या भागांपैकी एक; त्या दोन महिन्यांत इथं किती कबरी खणल्या हे पाहायचं आहे. ती पानं वाळवीच्या पोटात गेलेली आहेत. उरलाय तो वरचा तारखांचा काठ.

साहेबांच्या कबरींचं तसं नाही. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या थडग्यांवरचे लेख ओ. एस. क्रॉफ्टन या आयसीएस अधिकाऱ्यानं गोळा केले आणि नागपूरच्या सरकारी छापखान्यानं १९३२ साली ते पुस्तकरूपानं काढले, माणसांच्या चरित्रात्मक टिपांसह. चांगलं, कष्टाचं काम आहे ते. त्यात आहेत ते मुख्यत्वे युरोपियन. फौजेतले, रेल्वेतले, मिशनमधले, त्यांच्या बायका, त्यांची बाळं. शिवाय कंपनीच्या आणि पुढं सरकारच्या काळात बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनांच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि एडिंबरातला पणतू घरबसल्या आपला पणजोबा शोधू शकतो. भंडाऱ्यातला पणतू शोधू शकत नाही. त्याच्या पणजीची नोंद या एका रजिस्टरात आहे नाहीतर सिस्टरबाईंच्या डोक्यात, आणि तिच्या डोक्यावरचं कौल पुढच्या पावसाळ्यात वाहून जाऊ शकतं.

मंडळीच्या बैठकीत सध्या विषय कंपाउंड भिंतीचा आहे. वर्गणी जमते आहे, दोन अर्ज गेलेत. भिंत हवीच, गुरं आत येतात. पण माझं मत मी पोह्याची बशी हातात धरून पाळकसाहेबांना स्पष्ट सांगतो: भिंत पुढच्या वर्षी बांधली तरी चालेल, हे रजिस्टर नाही चालणार. ते "बघू" म्हणत नाहीत. युवक संघाच्या सेक्रेटरीला हाक मारतात आणि विचारतात, मोबाईलनं पानांचे फोटो नीट येतील का? येतील, तो म्हणतो, फक्त पान सपाट धरायला दुसरं कुणी पाहिजे आणि उजेड खिडकीचा पाहिजे, फ्लॅश नको.

विदर्भातल्या, आणि नगरपासून कोल्हापूरपर्यंतच्याही, ज्या गावांत जुनी मंडळी आणि जुनं कबरस्तान आहे, त्या सगळ्यांना हीच विनंती आहे. दफनाच्या रजिस्टराच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा, एक प्रत मंडळीत ठेवा, एक धर्मप्रांताच्या कार्यालयात द्या, एक जवळच्या कॉलेजच्या इतिहास विभागाला. कबरस्तानाचा साधा नकाशा काढा, रांगा आणि आकडे टाकून. दगड नाही तिथं कुणाला पुरलंय हे सांगणारं माणूस अजून हयात असेल, तर त्याला खुर्ची देऊन तिथं बसवा आणि बोलणं रेकॉर्ड करून घ्या. याला पैसे लागत नाहीत. एक सकाळ लागते, आणि ती उन्हाच्या आत उरकावी लागते.